रियाकॉम्प: कॉम्प्रेशन शिकायचं असेल तर आधी हाच

कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजातले मोठे भाग दाबून चढउतार कमी करणारं साधन, शिकायला कुठला प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घ्यावा असं कुणी विचारलं की मी रियाकॉम्पचं नाव सांगते. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरबरोबर तो येतोच, वेगळा शोधावा लागत नाही. दिसायला अगदी साधा आहे. डावीकडे थ्रेशोल्डची (ज्या मर्यादेच्या वरचा आवाज दाबला जातो तिची) उभी पट्टी, मधे आडव्या पट्ट्या, प्रत्येकीपुढे आकडा. जुन्या यंत्राचं चकचकीत चित्र नाही, डोलणारी सुई नाही. शिकणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं, कारण कॉम्प्रेसर आत जे काही करतो ते सगळं इथे उघड्यावर आहे आणि हाताने बदलता येतं.

मी घरीच गाणी बसवते आणि घरीच ध्वनिमुद्रण करते. गळा, गिटार, तबला, कधी बेस. या सगळ्यांवर मी रियाकॉम्प वापरत आले आहे, त्यामुळे इथलं मत वापरातून आलेलं आहे.

रीपर बनवणाऱ्या कंपनीचं नाव कॉकोस. तिचा संस्थापक जस्टिन फ्रँकेल, म्हणजे १९९७ साली विनअँप हा गाणी वाजवणारा प्रोग्राम काढणारा. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं आणि त्या काळात त्यातलं काहीच कुलूपबंद नसतं. विंडोजवर दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर रियाप्लग्स नावाचा संच फुकट मिळतो, त्यात रियाकॉम्प आहे. मॅक किंवा लिनक्स असेल तर मात्र रीपरच उतरवून घ्यावं लागतं.

शिकणारे बहुतेकदा ११७६ किंवा एलए-२ए या जुन्या कॉम्प्रेसर-यंत्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या नकलांपासून सुरुवात करतात, कारण व्हिडिओंमध्ये तीच नावं ऐकलेली असतात. दोन्ही यंत्रं थोर आहेत यात वाद नाही. पण ११७६ मध्ये थ्रेशोल्डचा नॉबच नाही. थ्रेशोल्ड ठरलेला असतो आणि इनपुट वाढवून आवाज त्याच्यावर ढकलायचा असतो. त्यातले अॅटॅक (दाबायला लागणारा वेळ) आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) यांचे नॉब उलटे चालतात, उजवीकडे फिरवले की वेगवान. अॅटॅक तर २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे सगळ्यात सावकाश ठेवला तरी एक मिलिसेकंदाच्या आतच. एलए-२ए मध्ये मुख्य नॉब दोनच, आणि किती वेगाने दाबायचं, किती वेगाने सोडायचं हे आतला प्रकाशावर चालणारा घटक ठरवतो. आवाज छान लागतो, पण तो कशामुळे छान लागला हे कळायला मार्ग राहत नाही. आधी रियाकॉम्पवर हात बसवून मग या यंत्रांकडे गेलं की त्यांचा स्वभाव लगेच ओळखू येतो.

पहिल्यांदा हिशेब करून बघा. थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल, रेशो ४:१, म्हणजे मर्यादेच्या वरच्या दर ४ डेसिबलचा १ उरतो. आवाज उणे ८ वर गेला, म्हणजे मर्यादेच्या वर १२. त्या १२ चे राहिले ३, म्हणजे बाहेर पडला उणे १७ वर. कपात झाली ९ डेसिबलची. नी (मर्यादेजवळ कपात किती हळूहळू सुरू व्हावी ते) शून्यावर ठेवा, अॅटॅक आणि आरएमएस साइझही (तिच्याविषयी पुढे) शून्यावर आणा, एक सपाट टिकणारा सूर वाजवा आणि कपात दाखवणारा मीटर बघा: ९ च दिसेल. मग नी ६ डेसिबल करा आणि सूर थ्रेशोल्डच्या थोडा खाली आणा. मर्यादा ओलांडायच्या आधीच कपात हळूच सुरू झालेली दिसेल. एवढं डोळ्यांनी पाहिलं की थ्रेशोल्ड, रेशो, नी यांच्यावर आणखी वेळ घालवायची गरज नाही. खरं शिक्षण अॅटॅक आणि रिलीजमध्ये आहे.

त्यासाठी तबल्याइतकं चांगलं साधन मला मिळालेलं नाही. चाटेवरचा (तबल्याच्या काठावरचा) 'ना' घ्या. बोटाचा आघात क्षणभराचा, त्यामागून सुराची आस. थ्रेशोल्ड इतका खाली आणा की ६ डेसिबलच्या आसपास कपात होईल. आरएमएस साइझ शून्य, रिलीज १०० मिलिसेकंद. आता अॅटॅक शून्यावर ठेवून ऐका. बोटाचा टणत्कार जातो, तबला मागे सरकल्यासारखा वाटतो, आस मात्र तुलनेने पुढे येते. मग पट्टी हळूहळू उजवीकडे न्या. ५ वर आघाताची कड दिसायला लागते, १५ वर 'ना' पुन्हा बोलतो, ३० वर आघात सबंध निसटून जातो आणि दाबली जाते ती फक्त त्याच्या मागची आस. त्यामुळे 'ना' मुळापेक्षाही टोकदार लागतो. कॉम्प्रेसर आवाज बोथट करतो असं सरसकट म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. तोच कॉम्प्रेसर त्याच ट्रॅकवर धारही आणतो, आणि ही दोन टोकं एकाच पट्टीवर आहेत. हे कानाने एकदा पकडलं की पुढे किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा ड्रम), गिटार, कशावरही पहिला हात अॅटॅककडे जातो.

आरएमएस साइझ या पट्टीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि माझ्या मते रियाकॉम्पमधली सगळ्यात शिकवणारी पट्टी तीच आहे. आवाज किती मोठा आहे हे ठरवताना कॉम्प्रेसर किती वेळाची सरासरी घेतो, ते ती सांगते. शून्यावर असली तर प्रत्येक टोकाला प्रतिसाद. ५० मिलिसेकंद केली तर बोटाचा आघात सरासरीत विरघळतो आणि अॅटॅक शून्य असूनही निसटतो. म्हणजे अॅटॅकचा आकडा एकटा वाचून चालत नाही. दोन प्लगइनमध्ये अॅटॅक १० लिहिलेला असतो आणि आवाज वेगळा लागतो, त्यामागे असले आतले फरक असतात. बाकीच्या बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये ही पट्टी समोर ठेवलेलीच नसते.

रिलीजसाठी बेस घ्या. ५० हर्ट्झच्या सुराची एक लाट २० मिलिसेकंदांची. रिलीज ५ मिलिसेकंद आणि आरएमएस शून्य ठेवलात तर कॉम्प्रेसर त्या एका लाटेच्या आतच दाबतो आणि सोडतो, लाटेचा आकारच बदलतो आणि बेस खरखरायला लागतो. रिलीज ८०-१०० च्या पुढे नेलात की खरखर जाते. तो जास्त लांबवलात तर एका सुराची कपात पुढच्या सुरापर्यंत रेंगाळते. मी मीटरकडे बघत लयीशी जुळवते: पुढचा सूर यायच्या जरा आधी कपात शून्याजवळ परत आली पाहिजे.

डग्ग्याचं एक वेगळंच असतं. तबला-डग्गा एकाच ट्रॅकवर असला तर 'धा' च्या वेळी डग्ग्याचा खर्ज कॉम्प्रेसरला ढकलतो आणि दाबला जातो मात्र उजव्या हाताचा तबलाही. प्रत्येक 'धा' ला चाट आत जाते, 'ना' ला बाहेर येते, आणि ठेका डुगडुगल्यासारखा वाटतो. रियाकॉम्पमध्ये शोधक, म्हणजे आवाज मोजणाऱ्या, भागासाठी स्वतंत्र हायपास (खालचा आवाज गाळणारा) फिल्टर आहे. तो १५० हर्ट्झच्या आसपास आणला की कॉम्प्रेसर डग्ग्याचा खर्ज मोजत नाही, पण बाहेर येणाऱ्या आवाजात खर्ज शाबूत असतो. 'प्रीव्ह्यू फिल्टर' वर टिचकी मारली की कॉम्प्रेसरच्या कानाला काय ऐकू येतंय ते आपल्यालाही ऐकू येतं. मोजायचा आवाज एक आणि दाबायचा आवाज दुसरा, ही कल्पना वाचून जड वाटते. ते बटण दाबल्यावर क्षणात उमगते, आणि साइडचेनचा (एका आवाजाने दुसरा दाबायचा) अर्धा धडाही तिथेच होऊन जातो. उरलेला अर्धा सोपा आहे: किकच्या ट्रॅकवरून बेसच्या ट्रॅकच्या तीन-चार क्रमांकाच्या चॅनलवर सेंड (आवाजाची जोडवाट) पाठवा, रियाकॉम्पला ऑक्झिलरी इनपुट (म्हणजे तिथून येणारा आवाज) ऐकायला सांगा.

गळ्यावर मात्र नुसत्या रियाकॉम्पच्या भरवशावर राहू नये. मुखडा कुजबुजत आणि अंतरा वरच्या सप्तकात असेल, तर एकच थ्रेशोल्ड दोघांनाही न्याय देऊ शकत नाही. मुखड्याला हात लागत नाही आणि अंतरा चिरडला जातो. रीपरमध्ये प्री-एफएक्स व्हॉल्यूमचा एन्व्हलप (वेळेनुसार आवाज कमीजास्त करणारी रेष) आहे, तो कॉम्प्रेसरच्या आधी काम करतो. नेहमीचा फेडर कॉम्प्रेसरच्या नंतर असतो. ओळीओळीतले मोठे चढउतार आधी त्या एन्व्हलपने समतल करायचे, आणि मग कॉम्प्रेसरला फक्त शब्दाशब्दातला फरक सांभाळायला द्यायचा. मी दोन रियाकॉम्प एकामागे एक लावते. पहिला वेगवान, फक्त उसळलेली टोकं २-३ डेसिबलने धरणारा. दुसरा सावकाश, रेशो २:१, ओळ सलग ठेवणारा. अॅटॅक १० च्या खाली आणला की 'ट', 'क', 'प' यांचे स्फोट मऊ पडतात आणि शब्द तोंडात राहिल्यासारखे वाटतात, म्हणून दुसऱ्यावर तो २० च्या आसपास असतो. दाबल्यानंतर आवाज ९ डेसिबलने उचललात तर श्वास, 'स', 'श' आणि खोलीतला पंखाही ९ डेसिबलने उचलला जातो. पंख्याचा बंदोबस्त मुद्रणाच्या वेळीच करावा, नंतर कुठलाही प्लगइन तो नीट काढत नाही.

ऑटो मेकअप (दाबल्यावर आवाज आपोआप उचलणारी सोय) मी बंद ठेवते आणि शिकणाऱ्यानेही ठेवावा. मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो, त्यात खर्ज आणि तार दोन्ही भरल्यासारखे लागतात. त्यामुळे कॉम्प्रेसर चालू-बंद करून तुलना करायची, तर आधी दोन्ही वेळचा आवाज हाताने सारखा करून घ्यायला हवा. सारखा केल्यावर बऱ्याचदा लक्षात येतं की ४ डेसिबलची कपात नको होती, २ पुरे होती. रीपरमधला डेल्टा सोलो इथे फार कामाचा आहे. मूळ आवाज आणि प्रक्रिया झालेला आवाज यातला फक्त फरक तो ऐकवतो. मेकअप शून्यावर ठेवून गळ्यावर लावा, म्हणजे कॉम्प्रेसरने काय उचलून नेलं तेवढंच कानावर येईल. त्यात नुसते स्फोट ऐकू आले तर अॅटॅक फार वेगवान आहे, शब्दांचे लांबट स्वर ऐकू आले तर तो ओळ सांभाळतोय.

वेट (दाबलेला आवाज) आणि ड्राय (मूळ आवाज) यांच्या दोन वेगळ्या पट्ट्या असल्याने पॅरलल कॉम्प्रेशनला, म्हणजे हे दोन्ही एकत्र मिसळायला, दुसरा ट्रॅक लागत नाही. गिटारला जोरदार दाबायचं, वेट खाली घ्यायचा, ड्राय हवा तेवढा वर आणायचा. छेडलेल्या तारेचा आघात जिवंत राहतो आणि आसेला अंग येतं.

उणिवा आहेत. आवाजाची लाट आणि तिच्यावर झालेली कपात दाखवणारा सरकता आलेख यात नाही. डोळ्यांनी शिकणाऱ्याला ती मदत हवी असते. इतक्या पट्ट्या आणि खुणेच्या चौकटी पहिल्या दिवशी अंगावर येतात. रीपरची इंग्रजी मार्गदर्शिका फुकट मिळते आणि ती तपशीलवार आहे, पण पानं शेकड्यांनी. आणि प्री-कॉम्पची पट्टी, जी कॉम्प्रेसरला पुढचा आवाज आधी बघू देते, ती मिक्स करताना निर्धोक असली तरी त्यातून ऐकत गायला बसलात तर स्वतःचा आवाज उशिरा कानात येतो. गाताना ती शून्यावर हवी.

ट्रॅकवर रियाकॉम्प, पण सबंध मिक्सवर (सगळे ट्रॅक मिसळलेल्या गाण्यावर) मी तो लावत नाही. तिथे कपात १-२ डेसिबलच्या वर नेऊ नये, रेशो १.५ ते २. नुसतं गाणं मोठं करण्यासाठी तर तिथे कॉम्प्रेसर लावूच नये. स्पॉटिफायवर नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापाच्या) आसपास आणून वाजवली जातात, म्हणजे चिरडून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच येतं, फक्त चिरडलेलं राहतं. रीपरमध्ये लाउडनेस मीटर आहे, तो शेवटी लावून आकडा बघून घ्यावा. सबंध मिक्ससाठी मी टोकियो डॉन लॅब्जचा कोटेल्निकोव्ह वापरते, त्याची साधी आवृत्ती फुकट आहे. त्यात टोकांचा रिलीज आणि सरासरी आवाजाचा रिलीज वेगवेगळा ठरवता येतो, आणि रियाकॉम्पची आरएमएस पट्टी हाताखालून गेलेली असली की हे दोन नॉब वेगळे का ठेवलेत ते कुणी सांगावं लागत नाही.