बिटकॉइनची मोड कोणत्या नावाने मोजायची: बीटीसी, मिली, बिट की सातोशी?

बीटीसी म्हणजे अख्खे बिटकॉइन, बाकी तिन्ही त्याचे लहान भाग. निकाल आधी सांगतो: हजार-पाच हजार रुपयांपर्यंतच्या रकमा पाठवायच्या असतील तर वॉलेट (बिटकॉइन ठेवायचे-पाठवायचे अ‍ॅप) सातोशीवर ठेवा. नुसती साठवण पाहायची असेल तर बीटीसी चालेल. बिट हिशेबाला सर्वांत सोपे, पण ते वापरणारे कमी. मिलीच्या वाटेला जाऊ नका.

आता आकडे. हिशेब सोपा व्हावा म्हणून १ बिटकॉइन = ८० लाख रुपये धरू. प्रत्यक्ष भाव रोज हलतो, तो स्वतः घाला. इंदूरच्या छप्पन दुकानवरची पोह्यांची प्लेट ३० रुपयांची आणि घरच्या कोणाला पाठवायचे ५०० रुपये असे समजू.

| एकक | १ बीटीसीमध्ये किती | ३० रुपये | ५०० रुपये |
|---|---|---|---|
| बीटीसी | १ | ०.०००००३७५ | ०.००००६२५० |
| मिली | १,००० | ०.००३७५ | ०.०६२५ |
| बिट (मायक्रो) | १० लाख | ३.७५ | ६२.५० |
| सातोशी | १० कोटी | ३७५ | ६,२५० |

पहिल्या ओळीतच दुखणे दिसते. ०.००००६२५ लिहिताना एक शून्य गळले तर ०.०००६२५ होते, म्हणजे ५०० ऐवजी ५,००० रुपये जातात. पाठवलेला व्यवहार नोंदला गेला की परत बोलावता येत नाही. तक्रार घ्यायला बँकेची खिडकी नाही. शून्ये मोजण्यात डोळा कच्चाच असतो, म्हणून छोट्या रकमेसाठी बीटीसी नको.

भाव मनात बदलायची युक्ती पाठ करण्यासारखी आहे. भाव जितके लाख, त्याला १० ने भागा. आलेला आकडा पैशांत म्हणजे एका सातोशीची किंमत, आणि तोच रुपयांत म्हणजे एका बिटाची. ८० लाखांना सातोशी ८ पैशांचा, बिट ८ रुपयांचा. भाव कोटीवर गेला तर १० पैसे आणि १० रुपये. आपली लाख-कोटीची मोजणी इथे नीट बसते: बिटकॉइन म्हणजे दहा कोटी सातोशी, मिली म्हणजे एक लाख.

बिट हे नाव खरे तर सर्वांत रुळावे असे होते. १ बिट = १०० सातोशी, म्हणजे रुपया-पैशाचेच नाते. दशांशानंतर दोनच स्थळे, त्यामुळे दोन स्थळांवर चालणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरलाही अडचण नाही. २०१७ च्या डिसेंबरात जिमी साँग यांनी बीआयपी १७६ या प्रस्तावात (बीआयपी म्हणजे बिटकॉइनमधल्या सुधारणांचे क्रमांकित प्रस्ताव) तेच मांडले. तरी ते मागे पडले, आणि आमच्या मते मोठे कारण फी. ऑन-चेन, म्हणजे थेट बिटकॉइनच्या मुख्य नोंदवहीत जाणाऱ्या व्यवहाराची फी बहुतेक ठिकाणी 'सातोशी प्रति व्ही-बाइट' अशीच सांगतात; व्ही-बाइट हे व्यवहाराचा आकार मोजायचे एकक. रक्कम बिटात आणि फी सातोशीत, असे दोन हिशेब कोण ठेवणार? शिवाय 'दहा बिट' म्हटले की नवख्याला दहा बिटकॉइन वाटतात.

फीचा मुद्दा लहान रकमेत फार बोचतो. एका ठिकाणाहून रक्कम घेऊन दोन पत्त्यांवर टाकणारा (एक इनपुट, दोन आउटपुट) साधा सेगविट, म्हणजे नव्या आटोपशीर पद्धतीचा व्यवहार साधारण १४० व्ही-बाइटचा. दर व्ही-बाइटला ५ सातोशी असेल तर ७०० सातोशी, म्हणजे ५६ रुपये. पोहे ३० चे! त्यात धूळ-मर्यादा आहेच: १ ने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यावर ५४६ सातोशींपेक्षा कमी पाठवले, तर नेहमीच्या सेटिंगचे नोड (जाळे चालवणारे संगणक) तो व्यवहार पुढे पाठवत नाहीत. बीसी१क्यूने सुरू होणाऱ्या साध्या पत्त्याला ही मर्यादा २९४ आहे. तेव्हा इतकी छोटी रक्कम लाइटनिंगवरूनच (बिटकॉइनवर उभारलेल्या, छोट्या रकमांच्या वेगळ्या जाळ्यावरून) पाठवायची, आणि तिथली वॉलेट बहुतेक सातोशीतच बोलतात.

मिली का नको? इलेक्ट्रमसारख्या वॉलेटमध्ये ते आधीपासून निवडलेले सापडू शकते. बिट समजून ५ टाकले तर ४० रुपयांऐवजी ४०,००० रुपयांची तयारी होते. संगणकावरच्या इलेक्ट्रममध्ये टूल्समधून प्रेफरन्सेस उघडून बेस युनिट बदला. बिटकॉइन कोअरमध्ये सेटिंग्जमधल्या ऑप्शन्समध्ये डिस्प्ले टॅबवर. बदलते ते फक्त पडद्यावरचे रूप. जाळ्यात दशांश चिन्ह नसतेच, रक्कम आत पूर्णांक सातोशीतच लिहिलेली असते.

क्यूआर कोडचे मात्र आपले नियम आहेत. नेहमीच्या, बीआयपी २१ या प्रस्तावाप्रमाणे बनलेल्या कोडमध्ये रक्कम कायम बीटीसीत असते, तुमचे वॉलेट कशावरही असो. हाताने कोड बनवताना ६२५० लिहिले तर समोरच्याला ६,२५० बिटकॉइनची मागणी दिसेल. लाइटनिंगच्या बिलात एलएनबीसी या अक्षरांपुढे आकडा आणि एम, यू, एन किंवा पी यांपैकी एक अक्षर येते. आपले ५०० रुपये तिथे '६२५०० एन' असे दिसतात, कारण एन म्हणजे बीटीसीचा अब्जांश.

आता इंदुरी अडचण. घरात मराठी, बाजारात हिंदी. फोनवर 'साठ सॅट' किंवा 'सातशे सातोशी' नीट ऐकू येत नाही. 'सॅट' हे लघुरूप टाळा, आकडा आधी सुटा सांगा, मग एकक, आणि रक्कम लिहूनच पाठवा. फोनची भाषा मराठी असेल तर आकडे देवनागरीत येऊ शकतात. काही अ‍ॅप रकमेच्या चौकटीत ते किंवा मधला स्वल्पविराम घेत नाहीत, म्हणून तिथे इंग्रजी अंक, स्वल्पविरामाशिवाय.

२०२५ मध्ये आलेला बीआयपी १७७ सातोशीलाच 'बिटकॉइन' म्हणा असे सुचवतो. दशांश जातात हे खरे, पण जुनी आणि नवी वॉलेट शेजारी असताना एकाच चिन्हाचे दोन अर्थ होतात, आणि चूक होते ती दहा कोटी पटींची. आज घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर हा पर्याय लावू नये.

पोह्यांचे उदाहरण रकमेचा अंदाज यावा म्हणूनच. भारतात बिटकॉइन कायदेशीर चलन नाही. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि ठरावीक मर्यादेपुढे १ टक्का टीडीएस आहे, आणि वस्तूच्या बदल्यात बिटकॉइन देणे हेही करासाठी हस्तांतरणच. म्हणून वहीत प्रत्येक नोंदीला सातोशी आणि त्या दिवसाचे रुपये, दोन्ही लिहा.

फक्त डिजिटल चलन वापरून पाहायचे असेल, तर रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया घ्या. १ डिसेंबर २०२२ ला सामान्यांसाठी त्याची चाचणी सुरू झाली. तो नोटा-नाण्यांच्याच मूल्यांत येतो, त्यामुळे नवे नाव शिकावे लागत नाही.