निकॉन एफएम२: परत बनवायचा तर आतून पण तोच बनवा

पाच वर्षं झाली, फिल्मसाठी माझ्याकडे हा एकच कॅमेरा आहे. परवा एका मित्राने माझे फोटो बघून विचारलं की हा नवीन कुठे मिळेल, तर त्याला सांगावं लागलं की बाबा नवीन मिळतच नाही, २००१ लाच बंद झाला. सांगताना खरंच वाईट वाटलं, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

एफएम२ आला १९८२ मध्ये. तेव्हा पडद्याचं (फिल्मच्या अगदी पुढ्यात सरकणारं) शटर असलेल्या ३५ एमएम कॅमेऱ्यात १/४००० सेकंदाचा स्पीड कुणाकडेच नव्हता, आणि निकॉनने तो दिला तो पण नुसत्या स्प्रिंग आणि गिअरवर, बॅटरी न लावता. शटरची पाती वर-खाली एवढ्या वेगात पळणार, म्हणजे ती हलकी पण हवीत आणि वाकायला पण नकोत, म्हणून सुरुवातीच्या मॉडेलमध्ये टायटॅनियमची पाती घातली आणि त्यावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी कोरली. ती नक्षी शोभेसाठी नाही हां, वजन कमी करायला आहे. मागचं झाकण उघडून जरा तिरका उजेड पाडला की ते षटकोन चमकतात, मी अजूनही रोल बदलताना दोन सेकंद थांबून बघतो. पुढे १९८४ ला सुधारलेला एफएम२एन आला, त्यात फ्लॅशचा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जास्त स्पीड, १/२०० वरून १/२५० झाला, आणि नंतरच्या काळात पाती अ‍ॅल्युमिनियमची झाली.

बॅटरीचं सांगतो कारण सगळी गंमत तिथेच आहे. खाली दोन बटण सेल बसतात, ते फक्त लाइट मीटरसाठी. व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे लाल अधिक, गोल आणि उणे असे तीन दिवे, गोल पेटला की एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, बरोबर. मागे एकदा अर्धा रोल झाल्यावर हे दिवे लागेचनात, सेल संपले होते आणि दुसरे जवळ नव्हते. उन्ह चांगलं होतं, फिल्म २०० आयएसओची (हा आकडा म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते), मग जुना नियम लावला की कडक उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) १६ ठेवायचं आणि शटर फिल्मच्या आयएसओएवढं, म्हणजे इथे २०० च्या सगळ्यात जवळचा १/२५०, सावलीत दोन-तीन स्टॉप, म्हणजे तेवढ्या पायऱ्या, उघडायचं, बास. रोल धुऊन आला तेव्हा सेल कुठे संपले ते मला स्वतःला फोटोंवरून ओळखता आलं नाही. असं मशीन हातात असलं की माणूस उजेडाकडे बघायला शिकतो, दिव्याकडे नाही.

वापरायला कसा आहे? जड नाही, बॉडी साधारण ५४० ग्रॅम, पण हातात घेतल्यावर भरीव वाटतो. शटरची डायल कट-कट करत ठाम बसते. एक सेकंदावर ठेवून बटण दाबलं तर आतली गिअरची रांग घड्याळासारखी कर्रर्र करत फिरताना ऐकू येते, जोराच्या स्पीडला मात्र एकच कोरडा ठाक. फोकस स्क्रीन उजळ आहे, मधे दोन भागात कापलेलं चित्र जुळवायचं, त्यामुळे फोकस जमला की नाही याचा संशय राहत नाही. सेल्फ टायमर लावला की आरसा सुरुवातीलाच वर जातो, म्हणजे ट्रायपॉडवर हळू स्पीडला आरशाचा धक्का टाळायला ही युक्ती फार कामाला येते.

रोल भरताना एकच काळजी. फिल्मचं टोक स्पूलच्या खाचेत नीट अडकलं पाहिजे आणि झाकण लावल्यावर फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची कळ उलटी फिरते की नाही ते बघायचंच. मी पहिल्या महिन्यात बघितलं नाही आणि जवळच्या माणसाच्या लग्नाचे अख्खे ३६ फोटो गेले, फिल्म पुढे सरकलीच नव्हती. ते अजून सलतं.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. व्ह्यूफाइंडर ९३ टक्केच फ्रेम दाखवतो, कडेला नको ते येतं. लिव्हर थोडा बाहेर ओढल्याशिवाय बटण दाबलंच जात नाही, आणि डाव्या डोळ्याने बघणाऱ्याला तोच लिव्हर कपाळाला टोचतो. १९७७ च्या आधीच्या जुन्या, बदल न केलेल्या लेन्स यावर लावायच्या नाहीत, आधीच्या एफएमला ती सोय होती, यात काढून टाकली.

आता मूळ मुद्दा. निकॉनने २०२१ ला झेड एफसी काढला, दिसायला अगदी एफएम२, मग २०२३ ला फुल फ्रेमवाला (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेला) झेडएफ. दोन्ही चांगले डिजिटल कॅमेरे आहेत, वाईट म्हणणार नाही. पण डायली आहेत तरी झेड एफसीच्या किट लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंगच नाही, आणि बॅटरी काढली की तो ठोकळा. आम्हाला एफएम२ आवडतो तो नाकाडोळ्यांसाठी नाही, आत जे चालतं त्यासाठी आवडतो, ते कसं कळत नाही कुणाला!

आणि जमत नाही असं कुणी सांगू नये. याच कंपनीने २००० साली आपला १९५८ चा एस३ हा फिल्म कॅमेरा परत बनवला होता, २००५ ला १९५७ चा एसपी बनवला, दोन्ही मर्यादित संख्येत पण खरेखुरे मेकॅनिकल. लायकाने आपला एम६ हा फिल्म कॅमेरा २०२२ ला परत आणला. पेंटॅक्सने तर २०२४ ला कोरा करकरीत फिल्म कॅमेरा काढला, पेंटॅक्स १७, अर्ध्या फ्रेमचा (नेहमीच्या एका फोटोच्या जागेत दोन फोटो), आणि त्यातला हाताने फिल्म ओढायचा लिव्हर बनवायला आधीच्या पिढीच्या इंजिनिअरांची मदत घेतली. बंदुकांच्या शौकिनांचं बघा, कोल्टचं पायथन रिव्हॉल्व्हर १९५५ ला आलेलं, २००५ ला बंद झालं, लोक पंधरा वर्षं मागत राहिले आणि २०२० ला कंपनीने परत आणलं. मग आमच्या एफएम२ ने काय घोडं मारलंय? मेकॅनिकल शटर जुळवणारे हात दरवर्षी कमी होतायत, जे करायचं ते ती माणसं आहेत तोवर करा. वाटलं तर व्ह्यूफाइंडर थोडा मोठा करा, झाकणाच्या खाचेत उजेड अडवणाऱ्या फोमऐवजी टिकाऊ काहीतरी घाला, बाकी हात लावू नका. महाग असला तरी चालेल, मी रांगेत उभा राहीन.

तोवर जुना घेणार असाल तर एवढं बघून घ्या. झाकण उघडून पात्यांवर बोटाचे डाग किंवा पोचे आहेत का बघा, पण पात्यांना स्वतः बोट लावू नका. एक सेकंदावर पाच-सहा वेळा दाबून आवाज मधेच अडखळतो का ऐका, कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात ग्रीस सुकलेलं असतं. झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला चिकटत असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर उजेड शिरून फिल्मवर केशरी पट्टे येतात. बॉडीवरच्या सिरियल नंबरच्या आधी एन असेल तर तो एफएम२एन, १/२५० सिंकवाला. मला विचाराल तर तोच घ्या, आणि सोबत साधी ५० एमएमची लेन्स पुरे.