उठावाच्या नकाशातून महाराष्ट्राची ओळख: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या बालवाचनगटात चौथी ते सातवीच्या मुलांसाठी महाराष्ट्राचा एक उठावाचा नकाशा आणि त्यासोबतची सचित्र पुस्तिका गेले काही महिने वापरात आहे. आधी जमीन हाताखाली आली की इतिहास मुलांना लवकर उमगतो, असा अनुभव या काळात वारंवार आला. त्यामुळे नकाशाची शिफारस मी मोकळेपणाने करीन. पुस्तिकेची मात्र भर घालण्याची तयारी असेल तरच.

सह्याद्रीची कड बोटांनी चाचपता येणे, हा या नकाशाचा सर्वांत मोठा गुण आहे. कोकणपट्टी किती अरुंद आहे आणि तिच्या पाठीशी कडा कसा एकदम उभा राहतो, हे सपाट नकाशावर मुलांच्या ध्यानात येत नाही. इथे ते क्षणात कळते, आणि मग नाणेघाट समजावून सांगावा लागत नाही: सोपारा, कल्याण या बंदरांतला माल पठारावर न्यायचा तर जुन्नरकडे चढणारी वाट हवी, आणि ती वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे जकातही येणार आणि सत्ताही. राणी नागनिकेशी जोडला जाणारा सातवाहनांचा शिलालेख नेमका त्या घाटातच का, याचे उत्तर मुलांनी नकाशावर बोट ठेवून दिले. शिवनेरीही त्याच परिसरात आहे, हे त्यांनी आपणहून शोधले.

नद्यांचेही तसेच. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जवळ असूनही ती सारे पठार ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. नकाशा जमिनीवर ठेवून पाण्याचा थेंब सोडला की पठाराचा पूर्वेकडचा उतार दिसतो. महाबळेश्वरी धो धो पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण कोरडा, हेही डोंगररांगेकडे पाहूनच पटते.

एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर आहे. ८० सेंटिमीटरच्या नकाशावर १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर खऱ्या प्रमाणात दोन मिलिमीटरही भरणार नाही. उंची मुद्दाम वाढवलेली असते, आणि पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. शिवाय वारंवार हात फिरल्याने घाटमाथ्यावरचा रंग उडू लागला आहे.

पुस्तिका पश्चिम महाराष्ट्रात रमते. १६७४ चा राज्याभिषेक आणि १८४८ मध्ये पुण्यात सुरू झालेली फुले दांपत्याची मुलींची शाळा ही प्रकरणे सुरेख आहेत. परंतु १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या मराठवाड्याला एकच ओळ मिळते, आणि १९५६ मध्ये मराठवाडा व विदर्भ मुंबई राज्यात आले हा टप्पा गाळून मजकूर थेट १ मे १९६० वर पोहोचतो. चंद्रपूरचे गोंड राजे कुठेच नाहीत. वारली चित्रे पानांच्या किनारीला शोभेपुरती आहेत, तर मेळघाटातले कोरकू आणि भामरागडचे माडिया ‘आदिवासी’ अशा एकाच चित्रात नावाविना उभे आहेत. राज्याच्या माणसांची ओळख करून देणाऱ्या पुस्तिकेतली ही उणीव मला गंभीर वाटते.

आम्ही त्या पानांवर मुलांनीच लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. चंद्रपूरच्या किल्ल्याची चिठ्ठी आता पुस्तिकेच्या मूळ मजकुरापेक्षा अधिक वाचली जाते. घरात एकट्या मुलाच्या हाती हा संच देऊन भागणार नाही. शेजारी बसून बोलणारे कोणी मोठे माणूस असेल, तर जरूर घ्यावा.