हाडाची पोकळी कशाने भरावी? बायोसिरॅमिक आणि त्याची संमिश्रं, समोरासमोर

कोंबडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की ते रबरासारखं वाकतं. खनिज विरघळून गेलेलं असतं, मागे कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन उरतं. तसंच दुसरं हाड जाळात भाजलं तर कोलॅजन जळून जातं आणि राहिलेलं खनिज बोटांनी चुरगळता येतं. कडकपणा खनिजाचा, चिवटपणा कोलॅजनचा. हाड मुळातच संमिश्र आहे, म्हणून त्याच्या जागी एकच पदार्थ घालून सगळी कामं होत नाहीत.

‘इथे कृत्रिम बोन ग्राफ्ट (हाडाच्या जागी भरायचा पदार्थ) भरावं लागेल’ असं तुम्हाला किंवा घरच्या कुणाला सांगितलं असेल, तर नावांच्या गर्दीत शिरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. त्या जागेवर भार येणार आहे का? आणि घातलेला पदार्थ तिथे कायम राहायला हवा, की हाड भरलं की निघून जायला हवा?

भार प्लेट आणि स्क्रू पेलणार आहेत, फक्त पोकळी भरायची आहे, अशा वेळी निवड मुख्यतः दोन बायोसिरॅमिकांत, म्हणजे शरीरात चालणाऱ्या सिरॅमिकांत असते: हाडातल्या खनिजासारखं हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. पहिल्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.६७, दुसऱ्यात १.५. आकड्यांत फरक एवढासा, वागण्यात जमीन-अस्मानाचा. पहिलं वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. दुसरं साधारण काही महिन्यांपासून दोनेक वर्षांत विरघळतं आणि त्याची जागा नवं हाड घेतं. म्हणून दोन्ही एकत्र करून, बऱ्याचदा ६०:४० प्रमाणात, मिश्र कण बनवतात: एक भाग आधाराला थांबतो, दुसरा वाट मोकळी करतो. तरुण रुग्णाच्या छोट्या पोकळीत मी विरघळणाऱ्याच्या बाजूने आहे. जिथे आकार टिकणं महत्त्वाचं, तिथे मिश्र कण बरे.

रसायनाइतकीच छिद्रंही महत्त्वाची, आणि याबद्दल फार कमी विचारलं जातं. प्रयोगशाळेत सच्छिद्र कणावर रक्ताचा थेंब टाकला की तो वर थांबतच नाही, डोळ्यांदेखत आत ओढला जातो. भरीव कणावर तोच थेंब पृष्ठभागावर पसरून राहतो. हाड आत शिरायचं तर छिद्रं शंभर मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा) मोठी हवीत, तीनशेच्या आसपास असली तर आणखी चांगलं, आणि मुख्य म्हणजे एकमेकांना जोडलेली हवीत. पण जितकी छिद्रं जास्त, तितका कण कमजोर. ही ओढाताण कुणालाच चुकलेली नाही.

बायोग्लासचा मार्ग वेगळा. १९६९ मध्ये फ्लोरिडात लॅरी हेंच यांनी बनवलेल्या या काचेवर शरीरातल्या द्रवात काही तासांतच ॲपेटाइटचा थर धरू लागतो आणि हाड त्याला चिकटतं. काच विरघळताना आजूबाजूचा द्रव अल्कधर्मी होतो, जंतूंना ते मानवत नाही. म्हणून जुनाट हाडसंसर्ग साफ केल्यावर उरलेल्या पोकळीत एस-५३-पी-४ प्रकारची काच वापरतात. अशा रुग्णाने हा पर्याय नक्की विचारावा.

हे सगळे पदार्थ दाबाला बरे, वाकवायला गेलं की खडूसारखे मोडतात. म्हणून पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाची जोड देतात. १९८० च्या दशकात लंडनमध्ये विल्यम बॉनफिल्ड यांच्या गटाने पॉलिइथिलीनमध्ये सुमारे ४० टक्के आकारमानाचं हायड्रॉक्सीॲपेटाइट मिसळलं. शल्यचिकित्सकाला ते टेबलावरच सुरीने छाटता येई, त्यामुळे मधल्या कानाच्या इम्प्लांटमध्ये ते उपयोगी पडलं.

आज जास्त भेटतो तो पॉलिलॅक्टिक ॲसिड आणि सिरॅमिकचा विरघळणारा स्क्रू. नुसतं पॉलिलॅक्टिक ॲसिड झिजताना आम्ल सोडतं, कधी त्या जागी सूज येते. सिरॅमिक त्या आम्लाला काही अंशी शमवतं, शिवाय एक्स-रेमध्ये स्क्रू दिसू लागतो. समोर टायटॅनियमचा स्क्रू ठेवला तर ताकदीत तोच सरस, पण तो कधी काढावा लागला तर दुसरं ऑपरेशन आलं. गुडघ्याच्या लिगामेंटसाठी संमिश्र स्क्रू मला पटतो. नडगीच्या मोडलेल्या हाडावर, जिथे पूर्ण वजन येणार, तिथे धातूच हवा.

धातूचीही एक अडचण आहे. टायटॅनियम मिश्रधातूची ताठरता सुमारे ११० गिगापास्कल, हाडाच्या कठीण कवचाची साधारण १० ते २०. धातू बराचसा भार स्वतःच घेतो, शेजारचं हाड रिकामं बसतं आणि बारीक होत जातं. कृत्रिम खुब्याचा जो दांडा सिमेंटशिवाय मांडीच्या हाडात बसवतात, त्यावर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा लेप देतात तो हाड धरून ठेवण्यासाठी. त्याने ताठरता कमी होत नाही, आणि लेप फार जाड असेल तर सुटण्याचा धोका वाढतो.

कृत्रिम खुब्याच्या गोळ्यासाठीचं अॅल्युमिना-झिरकोनिया हे सिरॅमिकही संमिश्रच, पण त्याने हाडाला चिकटायचं नसतं, घासून झिजायचं नसतं. ती तुलना वेगळी.

रुग्णाच्याच कमरेतून काढलेलं हाड यात कुठे बसतं? जैविक दृष्ट्या सर्वांत वर, कारण त्यात जिवंत पेशी असतात. पण ते मर्यादित मिळतं आणि काढलेली जागा कित्येकदा मूळ जखमेपेक्षा जास्त दुखते. हाड एकदा जुळायचं राहिलं असेल तर ते दुखणं सोसण्यासारखं आहे, असं मला वाटतं.

आणि कणांचं नाव लिहून घ्या, पुढच्या एक्स-रेसाठी लागेल. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असेल तर पांढऱ्या ठिपक्यांच्या कडा महिन्यागणिक पुसट व्हायला हव्यात. हायड्रॉक्सीॲपेटाइट असेल तर पाच वर्षांनीही तो पांढरा डाग तिथेच दिसेल, आणि तेवढ्यावरून हाड भरलं नाही असं समजून घाबरायचं कारण नाही.