थंडीतल्या स्कायडायव्हिंगचे हातमोजे: पूर्ण हिवाळी मोसम वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगतो. पातळ, अस्तर नसलेला शेळीच्या कातड्याचा मोजा आणि आत गरजेप्रमाणे एकच थर, ही जोडी मोसमभर टिकली. निओप्रीनचा मोजा अर्ध्या कामाचा निघाला. स्कीइंगचे जाड मोजे आणि बॅटरीवर तापणारे मोजे जमिनीवर छान वाटतात, पण विमानात चढताना ते बॅगेतच ठेवावेत. या खेळात मोजा निवडताना पहिला प्रश्न ‘किती ऊब देतो’ हा नसतोच. डोळे मिटून तिन्ही हँडलं (मुख्य पॅराशूट उघडायचं, बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून द्यायचं म्हणजे कटअवेचं, आणि राखीव पॅराशूटचं म्हणजे रिझर्व्हचं) हाताला लागतात का, हा पहिला प्रश्न. कमी पडलेली ऊब दुसरीकडून आणता येते, पण बोटांची हरवलेली जाणीव कुठूनच आणता येत नाही.

थंडीचा हिशोब एकदा नीट मांडू. दर हजार फुटांना साधारण 2 अंश सेल्सिअस तापमान उतरतं, म्हणजे 13,000 फुटांवर जमिनीपेक्षा सुमारे 26 अंशांनी कमी. खाली 5 अंश असतील तर दारात उणे 21. त्यावर फ्रीफॉलचा, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी नुसतं खाली पडतानाचा, ताशी 190 ते 200 किलोमीटरचा वारा, जेमतेम एक मिनिट. यूएसपीए या अमेरिकेतल्या पॅराशूटिंग संघटनेच्या सूचनांमध्ये जंपच्या उंचीवर 40 अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे 4 अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमान असेल तर हातमोजे आवश्यक मानले आहेत. वरचाच हिशोब उलटा लावला तर जमिनीवर 30 अंश असतानाही ही अट लागू होते! म्हणजे पातळ मोजा बाराही महिने बॅगेत हवा आणि हिवाळ्यात प्रश्न उरतो तो फक्त आतल्या थराचा.

बोटं मात्र बहुतेक वेळा फ्रीफॉलमध्ये गारठत नाहीत. ती आधी विमानात गारठतात आणि नंतर कॅनोपीखाली, म्हणजे उघडलेल्या पॅराशूटखाली. वर चढायला लागणाऱ्या वीसेक मिनिटांत हालचाल जवळजवळ नसते, दारातून वारा येत असतो. कॅनोपी उघडल्यावर पाच-सहा मिनिटं दोन्ही हात डोक्याच्या वर टॉगलमध्ये, म्हणजे पॅराशूट वळवायच्या आणि ब्रेक लावायच्या हातफाशांमध्ये. तिथे रक्त कमी पोचतं आणि समोरून ताशी 30-40 किलोमीटरचा वारा लागत राहतो. बोटांच्या त्वचेचं तापमान 15 अंशांच्या खाली गेलं की बारीक कामं अडखळायला लागतात आणि 8 अंशांच्या आसपास स्पर्शच नीट कळेनासा होतो. नेमक्या या अवस्थेत फ्लेअर (जमिनीला टेकण्याआधी दोन्ही टॉगल खाली ओढून वेग कमी करणं) करायचा असतो.

आता मोज्यांकडे वळू.

शेळीचं कातडं पातळ असूनही चिवट असतं आणि गाईच्या कातड्यापेक्षा लवकर हाताचा आकार घेतं. बोटं आधीच थोडी वाकलेली शिवलेला मोजा घ्यावा. सरळ शिवलेल्या मोज्यात मूठ वळताना तळव्यावर घडी पडते आणि ती घडी टॉगलखाली येते. तळव्यावर जाड फोम किंवा जेलचे पॅड असलेले सायकलिंगचे मोजे याच कारणाने नकोत. एकट्या कातडी मोज्यावर जमिनीचं तापमान 12-13 अंशांपर्यंत असेल तोवर भागतं. त्याखाली मेरिनो किंवा रेशमाचा पातळ आतला मोजा, तो साधारण 5 अंशांपर्यंत पुरतो. त्याहून थंडीत आतला मोजा काढून थेट त्वचेवर नायट्राइलचा, म्हणजे दवाखान्यात वापरतात तसला, ग्लोव्ह आणि वर कातडं. दिसायला गचाळ वाटतं, पण वारा आणि घामाची वाफ दोन्ही अडतात, आणि जाडी जवळजवळ काहीच वाढत नाही. नायट्राइल नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठा घ्यायचा. घट्ट असेल तर बोटांचा रक्तपुरवठाच दाबला जातो आणि ज्यासाठी घातला तेच फसतं.

रेशीम आणि नायट्राइल दोन्ही एकदम घालण्याचा मोह टाळावा. तीन थर एकमेकांवर सरकतात. टॉगल ओढताना बाहेरचं कातडं बोटाभोवती फिरतं, पकड ढिली होते, आणि हॅकी, म्हणजे मुख्य पॅराशूट उघडायचं पाठीमागचं हँडल, धरताना कशावर बोटं टेकली आहेत ते कळत नाही. नायट्राइलची एक खोडही सांगायला हवी. घाम आतच राहतो, त्यामुळे उतरल्यावर हात ओले असतात. मोजा काढल्याबरोबर हात पुसायचे आणि दर जंपला नवीन जोडी घालायची. जुनीच ओली जोडी पुन्हा चढवली तर विमानातच बोटं बधिर होतात.

निओप्रीन 2 मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असेल तर वारा उत्तम अडवतो आणि भिजला तरी ऊब टिकते. ढगाळ, दमट दिवशी हाच बरा. अडचण रबराच्या स्वभावाची आहे. प्रत्येक वेळी बोट वाकवलं की तो परत सरळ व्हायला बघतो. ही ओढ एका जंपला जाणवत नाही, पण गारठलेल्या बोटांना मूठ आवळून धरणं जड जातं. शिवाय काही मोज्यांची शिवण नेमकी बोटाच्या टोकावर येते. विकत घेताना ती नखाच्या बाजूला आहे ना हे बघावं.

तापणाऱ्या मोज्यांची बॅटरी मनगटावर बसते, म्हणजे नेमकी ऑल्टिमीटरच्या (उंची दाखवणाऱ्या घड्याळाच्या) जागेवर. एवढ्यावरच हा विषय संपावा. शिवाय थंडीत लिथियम बॅटरी लवकर उतरते आणि तारा असलेली बोटं जाड होतात. जंप संपल्यावर पॅकिंगच्या जागेपर्यंत चालत जाताना मात्र हे मोजे स्वर्ग आहेत.

मापाबद्दल. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळव्याचा घेर मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडायचा. मोजा चढवल्यावर बोटांच्या बेचक्यात कापड पूर्ण टेकलं पाहिजे आणि बोटाच्या टोकाला 3-4 मिलिमीटरपेक्षा जास्त रिकामी जागा नको. हे रिकामं टोकच सगळ्यात जास्त गोंधळ घालतं. ते चेस्ट स्ट्रॅपच्या, म्हणजे छातीवरच्या पट्ट्याच्या, बकलात अडकतं, टॉगल आणि रायझरच्या (खांद्यापासून पॅराशूटच्या दोऱ्यांपर्यंत जाणाऱ्या पट्ट्याच्या) मध्ये चिमटतं आणि ब्रेक सोडताना उरलेल्या ब्रेक लाइनच्या फासात शिरतं. कातडं वापराने थोडं सैल होतं, त्यामुळे नवीन मोजा किंचित आवळच बरा. पण आत थर घालायचा असेल तर तो थर घालूनच माप बघायचं.

मनगटाचा वेल्क्रोही तपासावा. लांब जीभ बाहेर लोंबत असेल तर तिचे आकडे सुट आणि लाइन दोन्हीवर चिकटतात. जीभ छोटी हवी आणि मोज्याचा काठ जंपसूटच्या बाहीच्या आत जायला हवा. मोजा चढवायला मनगटाशी शिवलेला कापडी फासा असेल तर तो सरळ कापून टाकावा. पडू नये म्हणून मोज्याला दोरी बांधणं तर अजिबात नको.

पहिल्या जंपच्या आधी जमिनीवर पूर्ण रिग, म्हणजे पट्ट्यांसकट पाठीवरचा पॅराशूटचा संच, चढवून, मोजे घालून सराव करावा, आणि तो कंटाळा येईपर्यंत करावा. चेस्ट स्ट्रॅप बांधणं आणि सोडणं, हेल्मेटचा व्हायझर उघडणं, न बघता पाठीमागे खाली हात नेऊन हॅकी शोधणं. हॅकीच्या बाबतीत मोजा फसवतो तो इथे: उघड्या हाताला पाउचचं (हॅकी बसते त्या कप्प्याचं) ताणलेलं कापड आणि सुटची घडी यांतला फरक लगेच कळतो, मोज्यात दोन्ही सारखंच लागतं. म्हणून हात कंटेनरच्या (पॅराशूट ठेवलेल्या पाठीवरच्या पिशवीच्या) खालच्या कोपऱ्यापासून कडेकडेने आणायची सवय लावावी. हँडल छोटं वाटत असेल तर रिगरकडून, म्हणजे पॅराशूटची बांधणी-दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाकडून, मोठी हॅकी किंवा आडव्या नळीचं हँडल बसवून घेणं हा मोजा बदलण्यापेक्षा चांगला उपाय आहे.

कटअवे आणि रिझर्व्ह यांचा खरा सराव करायची संधी फुकट मिळते आणि बहुतेक जण ती वाया घालवतात. रिझर्व्ह पुन्हा पॅक करायची तारीख येते तेव्हा रिगरच्या समोर, हिवाळी मोजे घालून, दोन्ही हँडलं प्रत्यक्ष ओढायची. रिझर्व्ह हँडलला लागणारा जोर 22 पाउंडांपर्यंत, म्हणजे 10 किलोपर्यंत असू शकतो. तेवढा जोर निसरड्या मोज्यातून लावता येतो का हे तिथे कळतं. कटअवेची उशी, म्हणजे वेल्क्रोने चिकटवलेलं मऊ हँडल, आधी सोलायची, मग ओढायची. मोज्यात बोटं उशीच्या मागे पूर्ण गेली नाहीत तर वेल्क्रो एका कडेलाच सुटतो. रिझर्व्हला धातूची कडी असेल तर अंगठा मोज्यासकट आत जातो का ते बघा. रिझर्व्हलाही उशीच असेल तर दोन्ही उशा मोज्यातून सारख्याच लागतात, त्यामुळे हात नेण्याआधी नजर न्यायची शिस्त दुप्पट महत्त्वाची.

टॉगलचंही तसंच. चारही बोटं मोज्यासकट आत गेली पाहिजेत आणि तितक्याच सहज बाहेर आली पाहिजेत. आत घट्ट बसणारा टॉगल पकडीला सुखाचा वाटतो, पण कटअवेची वेळ आली आणि हात निघालाच नाही तर? मोजा पातळ करा नाहीतर टॉगल मोठे बसवून घ्या.

ऑल्टिमीटर मोजा घालून झाल्यावरच बांधायचा, नाहीतर मोज्याचा काठ डायलवर चढतो. थंडीत एलसीडीचे आकडे मंदावतात. सुईच्या ऑल्टिमीटरला हा त्रास नाही, आणि हेल्मेटमधला ऐकू येणारा ऑल्टिमीटर कानाजवळ तुलनेने उबेत असतो.

ऊब आणायची ती मनगटातून. तिथे रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात, आणि मोजा व बाही यांच्या मधली बोटभर उघडी जागा सगळा हात गार करते. अंगठ्याला भोक असलेली पातळ लांब बाही मोज्याखाली घालणं हा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय ठरला. हवेशी संयोग होऊन तापणारी लोहचूर्णाची पाकिटं तळहातात ठेवू नयेत, पकड जाते. बंद मोज्यात त्यांना ऑक्सिजनही मिळत नाही आणि ती विझतात. बाहीखाली, मनगटाच्या आतल्या बाजूला, कापडावरून ठेवली तर चालतात. चढायच्या पंधरावीस मिनिटं आधी फोडून ठेवायची. उंचीवर हवा विरळ होते तशी त्यांची धग कमी होतेच, पण विमानातला पहिला टप्पा निभतो.

मोजे विमानात चढण्याआधीच घालायचे. आत दाटीत बसल्यावर ते चढत नाहीत आणि पडला तर शोधता येत नाही. वर जाताना हात काखेत. बाहेर पडण्याआधीची हँडलांची शेवटची तपासणी मोजे घालूनच. कॅनोपीखाली, आजूबाजूला कोणी नाही हे बघून, एकेक हात खाली सोडून झटकायचा. हे हजार फुटांच्या वरच. त्याखाली दोन्ही हात टॉगलमध्ये. स्लायडर (पॅराशूट सावकाश उघडावं म्हणून दोऱ्यांवरून खाली सरकणारं चौकोनी कापड) आवळायच्या दोऱ्यांचे मणी मोज्यात सापडत नाहीत. त्यांना मोठी गाठ किंवा मोठा मणी लावून घ्यावा, आणि नाहीच सापडले तर तो खटाटोप सोडून द्यावा.

उतरल्यावर बोटाचं टोक पांढरं आणि बधिर दिसलं तर चोळू नये, काखेत धरावं. जाणीव लवकर परतली नाही, कातडी कडक लागली, तर त्या दिवशी जंप बंद आणि डॉक्टर.

पॅकिंग मोजे काढूनच करायचं. ढगात भिजलेलं कातडं हीटरवर वाळवलं की लाकूड होतं. सावलीत, बोटांत कागद घालून वाळवावं आणि पूर्ण सुकण्याआधी हातावर चढवून चारदोन वेळा मूठ वळावी. झीज आधी दिसते ती करंगळीच्या बाजूला, जिथे टॉगल बसतो, आणि अंगठ्याच्या शिवणीत. करंगळीकडचं कातडं गुळगुळीत होऊन चमकायला लागलं की पकड गेली असं समजावं. अंगठ्याची शिवण उसवली तर ती जाड दोऱ्याने घरी शिवू नये, त्या गाठी नेमक्या रिझर्व्हच्या कडीत अडतात.