फिफा ११+ वॉर्म-अप: पाया पक्का, पण व्यावसायिक संघांना पुरेसा नाही

फुटबॉलपटूंच्या दुखापती टाळण्यासाठीच्या वॉर्म-अपमध्ये फिफा ११+ इतका संशोधनात तावून-सुलाखून निघालेला कार्यक्रम क्वचितच सापडेल, आणि तो फुकट आहे. पंधरा व्यायाम, २० मिनिटं: आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटची दोन मिनिटं वेगात धावणं. साहित्य म्हणजे मार्करच्या सहा जोड्या आणि चेंडू. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर केलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. मात्र त्या व्यावसायिक खेळाडू नव्हत्या, हे मोठ्या क्लबांच्या फिजिओंनी विसरू नये.

खरा कस दुसऱ्या, म्हणजे ताकद, तोल आणि उड्यांच्या भागात, आणि घाईत नेमका तोच उरकला जातो. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग या मांडीच्या मागच्या स्नायूंच्या (हॅमस्ट्रिंगच्या) व्यायामाचंच बघा. खेळाडू गुडघ्यांवर उभा, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरलेले, आणि गुडघ्यापासून खांद्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून अगदी हळू पुढे झुकायचं. पहिल्या पातळीवर ३ ते ५ वेळांपासून सुरुवात, पुढच्या पातळीवर ७ ते १०, मग १२ ते १५. स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, ताकद त्यातूनच येते. कंबरेत वाकलं किंवा धपकन खाली पडलं की तो भार निघून जातो आणि आकडे फक्त कागदावर पूर्ण होतात. सुरुवातीला स्नायू चांगलेच दुखतात, म्हणून हा व्यायाम हंगामाआधीच्या सरावात सुरू करावा, सामन्याच्या आदल्या दिवशी कधीच नाही. मध्ये काही आठवडे खंड पडला, तर पुन्हा कमी संख्येपासून.

उड्या आणि स्क्वॉट बघताना प्रशिक्षकाने समोर उभं राहावं. बाजूने गुडघा आत पडलेला दिसत नाही, आणि गुडघ्याच्या लिगामेंटला (हाडं जोडणाऱ्या पट्ट्याला) धोका तिथेच. तंत्र सुधारलं की पातळी वाढवायलाच हवी. हंगामभर पहिल्याच पातळीवर रेंगाळणारे संघ स्वतःचं नुकसान करून घेतात.

उणिवा दोन, आणि वरच्या पातळीवर दोन्ही महागात पडतात. जांघेच्या स्नायूंसाठी पुरेसा भार यात नाही. त्यासाठी कोपनहेगन व्यायाम जोडावा, म्हणजे कुशीवर प्लँक आणि वरचा पाय जोडीदाराच्या हातात. दुसरी उणीव वेगाची. तिसऱ्या भागातलं सरळ धावणं कमाल वेगाच्या ७५-८० टक्क्यांवरच थांबतं, आणि हॅमस्ट्रिंग तर बहुतेकदा पूर्ण वेगात फाटतो. त्यामुळे सामन्यापासून दूरच्या दिवशी पूर्ण वेगाच्या मोजक्या धावा, मध्ये भरपूर विश्रांती देऊन, वेगळ्या घ्याव्याच लागतात.

वेळ पुरत नसेल तर दुसरा भाग सरावानंतर घ्या. ऑस्ट्रेलियातल्या अर्धव्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये तसं केल्यावर खेळाडू तो जास्त नियमितपणे करू लागले. सामन्याआधी मात्र पहिला आणि तिसरा भाग एवढंच.