चेन सॉचे ‘रनिंग’ दुकानातच काढून घेण्यातील फसवणूक

चेन सॉ, म्हणजे झाडे कापण्याची इंजिनावर चालणारी करवत, विकत घेताना दुकानदाराने “मशीन इथेच ठेवा, आम्ही रनिंग काढून देतो” असे सुचवले, म्हणजे नवे इंजीन सुरुवातीला जपून चालवून रुळवून देण्याची तयारी दाखवली, तर ती सेवा फुकट असली तरी ठाम नकार द्यावा, असे मी आता प्रत्येक बागायतदाराला सांगतो.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांत आंब्याची आणि सुपारीची अपरिमित पडझड झाली. तेव्हापासून आमच्याकडे चेन सॉची गरज वाढली आणि तिच्याबरोबर या मशीनची दुकानेही वाढली. जुन्या हापूसच्या कलमांची छाटणी करण्यासाठी मीही तालुक्याच्या गावातून एक मशीन घेतले. दुकानदार अत्यंत अदबीने म्हणाला, “काका, नवं मशीन थेट बागेत नेलंत तर पिस्टन पकडेल. दोन दिवसांनी न्या, सेट करून ठेवतो.”

या फसवणुकीचे सामर्थ्य असे, की या बोलण्यात अर्धे सत्य असते. चेन सॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच, आणि सुरुवातीच्या साधारण तीन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत लाकडाचा भार नसताना पूर्ण थ्रॉटल देऊ नये, हे माहितीपुस्तिकांतही लिहिलेले असते. नवी चेन ताणली जाऊन सैल पडते, म्हणून ती वारंवार तपासून घट्ट करावी लागते. मात्र यांतले काहीही दुकानातच व्हायला हवे असे नाही. पेट्रोल आणि ऑइलच्या प्रमाणाची शिफारस ५०:१ ची असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी ऑइल मोजून घालायचे, बारला, म्हणजे चेन ज्या पात्यावरून फिरते त्याला, तेल पोहोचते आहे ना ते पाहायचे आणि मध्यम जाडीच्या फांद्या कापत राहायचे. एवढे काम कोणीही घरच्या बागेत करू शकतो.

प्रत्यक्षात माझ्या हाती आले ते दुसरेच, वापरलेले मशीन होते. त्याला नवी चेन, नवा बार आणि स्वच्छ पुसलेले कव्हर बसवले होते. सायलेन्सरवरची काजळी पाहून शंका घ्यावी, तर “रनिंग काढलं ना, काजळी येणारच” हे उत्तर तयार होते. वापराच्या प्रत्येक खुणेला आधीच निमित्त पुरवून ठेवण्याची ही युक्ती मला चोरीपेक्षाही संतापजनक वाटते.

थोड्याच दिवसांत मशीन गरम झाल्यावर पुन्हा सुरू होईना आणि जाड खोडात दम सोडू लागले. ओळखीच्या मेकॅनिकने सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन दाखवला, तेव्हा त्यावर उभे ओरखडे स्पष्ट दिसले. क्लचजवळच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, चेनने खोल चरे पाडले होते, आणि एवढी झीज दोन-तीन टाक्यांत होणे शक्य नाही, असे त्याने सांगितले. मशीन परत नेल्यावर दुकानदाराचा सूर पालटला आणि आम्ही ऑइल कमी घातल्यामुळे इंजीन खराब झाले, म्हणून वॉरंटी लागू नाही, असे तो म्हणू लागला. त्याने दिलेल्या बिलावर केवळ ‘चेन सॉ, १ नग’ एवढेच लिहिलेले आहे.

आमची बाजू भक्कम झाली ती एका छायाचित्रामुळे. खोका उघडताना पुतण्याने घरी पाठवण्यासाठी मोबाइलवर मशीनचा फोटो काढला होता. त्यातल्या पट्टीवरचा अनुक्रमांक हातातल्या मशीनशी जुळत नाही. म्हणून बिलावर आणि वॉरंटी कार्डावर हा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि खोका त्याच वेळी मशीनसकट घरी न्यावा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवूनही दुकानदार बधला नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. दोष शोधण्यासाठी वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकारही आयोगाला आहे. म्हणून इंजीन आम्ही खोललेले नाही. दुकानदाराने आता “आणून द्या, फुकट दुरुस्त करतो” असा निरोप पाठवला असला, तरी मशीन त्याच्या ताब्यात पुन्हा द्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.